वरच्या ऑफिसची तपासणी

दिशाचं पत्र गुरुवारी आलं, आणि रविवारपर्यंत त्या एका कागदाने आयऱ्यांच्या घरात दोन तट पाडले.

पत्र साधंच होतं. वरच्या मजल्यावरची जागा दिशा तांडेलने तीन वर्षांपूर्वी ऑफिससाठी भाड्याने घेतली होती. सहा मुली तिथे बसून इस्पितळांची जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायच्या. बुधवारी त्यातल्या श्रेयाचा एक हात कॉम्प्युटरच्या डब्यावर होता, दुसरा तिने पाण्याच्या फिल्टरच्या नळाला लावला, आणि ती खुर्चीसकट मागे फेकली गेली. कोपराला चार टाके पडले. म्हणून दिशाने लिहिलं होतं, सगळ्या वायरिंगची लायसन्सवाल्या माणसाकडून तपासणी करून घेऊ. जागेची तुम्ही करा, आमच्या मशिनांची आम्ही करतो. ते जमणार नसेल, तर महिनाअखेरीला मी जागा सोडेन. मुलींना अशा ठिकाणी बसवायची माझी हिंमत नाही.

"मालकाने वायरिंग तपासून द्यायचं, असं ॲग्रीमेंटमध्ये कुठे लिहिलंय?" धनेशने तोच प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला.

"आणि भाडेकरूने तपासायचं, असं तरी कुठे लिहिलंय?" मेघना म्हणाली. ती मुद्दाम दादरहून आली होती. दिशा शाळेत तिच्या हाताखाली शिकलेली. ही जागा दिशाला द्या, असं तीन वर्षांपूर्वी तिनेच भावाला गळ घालून सांगितलं होतं. त्यामुळे आता तिचा जीव दोन्हीकडे अडकला होता.

"तू आपल्या बाजूने आहेस की तिच्या?"

"दादा, पोरगी पडलीय. यात बाजू कसली?"

सुचित्रा ओट्यापाशी चहा गाळत होती. खालच्या मसाला कुटायच्या डंकावरून ती नुकतीच वर आली होती. मार्च लागला होता, मिरच्या वाळल्या होत्या, गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन रांगेला लागली होती. कोपरापर्यंत तिचे हात लाल झाले होते. नवऱ्याच्या आणि नणंदेच्या मधे बोलायचं नाही, हे ती वीस वर्षांत शिकली होती. तिने कप नेऊन सासऱ्यांसमोर ठेवला.

दगडूअण्णांनी त्याला हात लावला नाही.

"ह्या घराचो वायर न् वायर मी ओढलेलो हा," ते म्हणाले. "मिलमधे बत्तीस वर्षां काढली मी. साडेतीनशे लूम चालायचे, एकाक कधी झटको लागलो नाय. आणि आता ही काल आलेली पोर माका सांगतली, तपासून घ्या म्हणून?"

"तुमका कोण नावां ठेवतासा?" शेवंतीबाई म्हणाल्या. पण त्याही धनेशच्याच बाजूला बसल्या होत्या. वरचं ऑफिस रिकामं झालं तर पुन्हा भाडेकरू शोधा, पुन्हा दलाल, पुन्हा अनोळखी माणसांची जिन्यावर ये-जा. त्यांना ते नको होतं. पण मुलाने जरा नमतं घ्यावं, असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दिशा दारात उभी राहिली. तिच्यामागे खांद्याला कॅनव्हासची पिशवी लावलेला, कानाजवळ केस पांढरे झालेला एक माणूस होता.

"अण्णा, हे रूपेश कोळी. लायसन्सवाले आहेत," ती म्हणाली. "आमच्या मशिनांची तपासणी मी आज करून घेतेय. फक्त खालचा मेन बोर्ड त्यांना एकदा बघायचाय. तेवढं बघू द्याल?"

"आमच्या बोर्डाला हात लावायचा नाही," धनेश म्हणाला. "तुमचं काय असेल ते वर बघा."

"धनेशदादा, मला भांडायचं नाहीये."

"मग पत्र कशाला पाठवलंत? सरळ येऊन बोलायचं होतं."

"दोनदा बोलले होते. पावसाळ्यात एकदा, दिवाळीनंतर एकदा. तुम्ही म्हणालात, बघू."

मेघनाने भावाकडे पाहिलं. ही गोष्ट त्याने घरात कोणालाच सांगितली नव्हती. धनेशने मान दुसरीकडे वळवली.

दगडूअण्णा काठीचा आधार घेत उठले. "बघूंदे त्येका. सगळा बघूंदे. खालपासून वरपर्यंत. माका कसला भय नाय." आणि रूपेशकडे वळून म्हणाले, "पण मी सोबत येतलंय."

---

एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने जिने चढू नयेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दगडूअण्णा त्या दिवशी खाली उतरले, वर चढले, आणि प्रत्येक बोर्डापाशी रूपेशच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

रूपेशने आधी मेन बंद केला. वरच्या ऑफिसातला एक बोर्ड उघडून त्याने आत टॉर्च मारला आणि आतले जॉइंट निरखले.

"हे काम कोणाचं?"

"माझा. एक्याण्णव सालचा."

"काका, असे जॉइंट आता कोण मारत नाही." त्याने बोटाने एक वायर हळूच ओढून पाहिली. ती हलली नाही. "आता सगळे पीळ देतात, टेप गुंडाळतात आणि पळतात."

दगडूअण्णांनी नकळत पाठ सरळ केली. मिल बंद झाल्यापासून त्यांच्या कामाबद्दल त्यांच्याशी कोणी असं बोललं नव्हतं. रूपेशने वायरींना मीटर लावून एकेक आकडा मोठ्याने सांगितला, दिशाने तो वहीत लिहून घेतला. घराच्या वायरी धडधाकट निघाल्या. तीस-पस्तीस वर्षांच्या मानाने उत्तम, असं रूपेश स्वतःहून म्हणाला.

"आयकलंस?" अण्णांनी जिन्यात उभ्या असलेल्या धनेशला ऐकवलं.

मग रूपेशने मेन चालू करायला लावला. कॉम्प्युटर, फिल्टर, एसी, सगळं सुरू केलं. सॉकेटच्या वरच्या, अर्थच्या मोठ्या भोकात मीटरची सुई घातली, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या सॉकेटला तेच केलं. तिसऱ्यालाही.

"काय रे?" अण्णांनी विचारलं.

"काका, अर्थिंग नाहीये."

"असा कसा नाय? मी स्वतः..."

"वायर आहे. इथून खालपर्यंत आलीय, व्यवस्थित आलीय. पण ती जमिनीला कुठे पोचतच नाही. मधेच तुटलीय." त्याने मीटर त्यांच्यासमोर धरला. "इथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं. एकशे साठ व्होल्ट दिसतायत."

अण्णांना चष्म्याशिवायही तो आकडा दिसला.

रूपेशने मग एकेक वस्तू बंद करायला सांगितली. कॉम्प्युटर बंद होत गेले तसा आकडा थोडा थोडा खाली आला. एसी बंद केला, तेव्हा मात्र एकदम कोसळला.

"एसी गळतोय," रूपेश म्हणाला. "आतल्या वायरीचं कव्हर कुठेतरी घासलं गेलंय. केव्हाचा आहे?"

"सेकंडहँड घेतलाय," दिशा हळू म्हणाली. "मागच्या उन्हाळ्याच्या आधी."

"म्हणजे भाडेकरूच्याच मशीनचा दोष," धनेश दोन पायऱ्या चढून आत आला. "मी काय म्हणत होतो! आणि पत्र आम्हाला."

दिशाचा चेहरा उतरला. "एसी माझाच आहे. आत्ताच्या आत्ता काढून ठेवते, दादा."

"थांबा," रूपेश म्हणाला. "एसी गळतोय ते खरं. पण अर्थिंग धड असतं, तर तो करंट गुपचूप जमिनीत गेला असता. गळती ओळखून पडणारा स्विच असता, तर तो पडला असता. इथे दोन्ही नाही. करंटला बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून तो त्या अर्थच्या वायरीतून घरातल्या सगळ्या लोखंडात जाऊन बसतोय."

"सगळ्या म्हणजे?" मेघनाने विचारलं. "वरच्याच ना?"

"अर्थची वायर पूर्ण घराला एकच आहे. खाली काय चालतं?"

जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली सुचित्रा म्हणाली, "डंक."

---

वर एसी चालू ठेवायला दिशा थांबली. बाकी सगळे खाली उतरले. बाहेर पिशव्या घेऊन थांबलेल्या दोन बायकांना शेवंतीबाईंनी तासाभराने यायला सांगितलं.

डंकाच्या लोखंडी सांगाड्याला रूपेशने मीटर लावला. आकडा वरच्या इतकाच आला.

सुचित्रा त्या सांगाड्याकडे बघत राहिली. रोज दहा तास ती त्याला टेकून उभी असायची. डावा हात त्यावर ठेवून उजव्या हाताने मिरच्या सारायच्या, ही तिची सवय.

"वहिनी, तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?" रूपेशने विचारलं.

"मुंग्या यायच्या," ती म्हणाली. मग तिलाच पुढचं आठवत गेलं. "वर्षभर येतायत. डाव्या हाताला. सकाळी नसायच्या, दहानंतर सुरू व्हायच्या. मला वाटलं, थकल्यामुळे असेल. रविवारी कधीच नसायच्या, तर मला वाटलं, रविवारी जरा झोप होते म्हणून."

"रविवारी ऑफिस बंद असतं," मेघना म्हणाली.

"डॉक्टरकडे पण गेले होते ना मी. म्हणाले, मानेची नस दबली असेल. गोळ्या दिल्या, व्यायाम दिला. सहा महिने मान वाकडी करतेय मी सकाळची उठून." तिने मान तशीच वाकवून दाखवली. "मला कसं सुचलं नाही? दुसऱ्या कोणाला झालं असतं तर सुचलं असतं."

"पायात काय घालता काम करताना?"

"रबराची चप्पल."

"म्हणून," रूपेश म्हणाला. "आता ऊन वाढलं की हात घामाने ओले होतील. त्यात एखाद्या दिवशी चप्पल काढून लादी धुवायला घेतली असतीत आणि हात याच्यावर..."

शेवंतीबाई पुढे आल्या. "माका सांगितलेलान तिना," त्या म्हणाल्या. "आई, हात बधीर होता म्हणून. मी म्हटलंय, माझोय व्हायचो, वय झाला की असाच होता. गप काम कर म्हटलंय." त्यांनी सुनेचा लाल हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो सोडेनात. "मीच म्हटलंय गो."

"आई, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

"अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?" रूपेशने विचारलं.

"मागे. मोरीच्या बाजूक," अण्णा म्हणाले. "चल, दाखवतंय."

---

धनेश सगळ्यांच्या मागे राहिला. खड्डा कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. तिथे आता काय सापडणार नाही, हेही आता लक्षात आलं होतं.

तीन गणपतींपूर्वी अण्णा आणि आई गावी असताना त्याने मागच्या बोळात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. बाइक उभी करायची होती. खणता खणता कामगाराने विचारलं होतं, सेठ, ये पट्टी किधर की है? मातीतून एक गंजकी पट्टी भिंतीकडे गेली होती. धनेश फोनवर बोलत होता. जुना काहीतरी लोखंडाचा तुकडा, असं त्याला वाटलं. काट डाल, त्याने हातानेच खूण केली. पुढे एकदा अण्णा म्हणालेही होते, अरे, थंय अर्थिंगाक मी उन्हाळ्यात पाणी ओतायचंय. तेव्हा त्याने सांगितलं होतं, आता त्याची गरज नसते, अण्णा.

बोळात सगळे त्या करड्या विटांभोवती उभे होते. वरून दिशाही उतरली होती. अण्णा काठीने जागा ठोकत होते.

"हय असतलो. चार फूट खोल. मीठ, कोळसो, सगळा घातलेलंय. पट्टी गंजून गेली असतली." काठी थांबली. "मी लक्ष ठेवूक होया होता. वायरी बघितलंय, जॉइंट बघितलंय, आणि जमिनीखालचा इसारलंय. वायरमन म्हणवतंय स्वतःक."

"अण्णा, तुमचं वय..." मेघना म्हणाली.

"वयाचा काय घेवन बसलंस? माझ्या घरात पोर पडली." ते दिशाकडे वळले. काठी काखेत धरून त्यांनी दोन्ही हात जोडले. "बाय माझे, माका माफ कर. चूक मालकाची. माझी."

"अण्णा, असं नका करू," दिशा एकदम पुढे झाली.

धनेशला अण्णांचे ते जोडलेले हात दिसले. मिलच्या संपाच्या दिवसांत घरात अन्न नव्हतं, तेव्हाही या माणसाने कोणापुढे हात जोडले नव्हते. गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. पट्टी गंजली, म्हातारा विसरला, एवढ्यावर सगळं मिटलं असतं, आणि ते कोणालाही खरंच वाटलं असतं.

"अण्णा, हात खाली घ्या," तो म्हणाला.

अण्णांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"पट्टी गंजली नाही. मी कापायला सांगितली. हे ब्लॉक बसवताना. काय आहे ते मी बघितलं पण नाही." त्याने दिशाकडे हात केला. "दिशा दोनदा आली होती सांगायला, तेव्हाही बघितलं नाही. मला वाटलं, भाडेकरू म्हटलं की तक्रारी असतातच. आणि तिकडे माझी बायको वर्षभर..."

त्याला सुचित्राकडे बघवेना. तो विटांकडे बघत राहिला.

अण्णांनी काठी विटांवर टेकली. त्यांना राग आला होता, आणि त्या रागाखाली दुसरंही काही होतं. पोराने कापलं खरं, पण आता त्याने ते स्वतःच्या तोंडाने, चार माणसांत, भाडेकरणीसमोर सांगितलं होतं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, हे अण्णांनाही कळत होतं.

"माका इचारूचा होतास," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"पहार खंय हा?"

"डंकामागे."

"आण. आणि शर्ट काढ. खण."

धनेश पहार आणायला वळला. दारात सुचित्रा उभी होती. तो तिच्यापाशी थांबला. तिने त्याच्या मनगटावरचं घड्याळ सोडवून घेतलं. "खणताना काच फुटेल," ती म्हणाली.

---

दुपारपर्यंत खड्डा चार फूट झाला. अण्णा स्टुलावर बसून सांगत होते आणि धनेश ऐकत होता. रूपेश मधेच म्हणाला की आता तयार पाइपवालं अर्थिंग मिळतं, मीठ-कोळशाचा खटाटोप करावा लागत नाही. अण्णांनी त्याची सगळी माहिती विचारून घेतली आणि तेच बसवायला सांगितलं. फक्त ते दरवर्षी मोजलं जायला हवं, एवढीच अट घातली.

जेवायला शेवंतीबाईंनी दिशाला आणि रूपेशला जाऊ दिलं नाही. मेघनाने ताटाशेजारीच वही उघडली.

"आता नीट लिहूया, म्हणजे पुन्हा कोणी कोणाला विचारायला नको, हे कुठे लिहिलंय म्हणून," ती म्हणाली. "दिशा, तू सांग."

"मीटरपासून आमच्या सॉकेटपर्यंत आणि अर्थिंग, तुमच्याकडे. सॉकेटमध्ये आम्ही जे जे लावू, ते आमच्याकडे. एसीसुद्धा. सेकंडहँड काही आणलं तर आधी तपासून मगच लावणार." दिशा थांबली. "आणि दोघांनी आपापले रिपोर्ट एकमेकांना दाखवायचे. मी पण एसी तपासून घ्यायला हवा होता. तुम्हाला पत्र लिहिताना मला वाटत होतं, दोष पूर्ण तुमचाच आहे."

"आमका वाटत होता, तुझो," शेवंतीबाई म्हणाल्या. "वाढ गो तिका भात."

"डंकाचं पण लिही," धनेश म्हणाला. त्याच्या तळहाताला फोड आले होते, तो चमच्याने जेवत होता. "डंकाची तपासणी आधी. मग बाकीचं."

मेघनाने लिहिलं. सही कोणाची, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी सवयीने अण्णांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतास?" ते म्हणाले. "घर हिच्या नावावर हा."

शेवंतीबाईंनी हात धुऊन, पदराला पुसून, प्रत्येक अक्षर वेगळं काढत सही केली.

---

पुढचे तीन दिवस वरचं ऑफिस बंद होतं आणि डंकही बंद होता. गुरुवारी रूपेशने नवा स्विच बसवला, पुन्हा सगळे आकडे घेतले आणि रिपोर्टची एक प्रत वर दिली, एक खाली.

त्या दुपारी सुचित्रा वरच्या मजल्यावर गेली. मुली जेवायला बाहेर गेल्या होत्या. दिशा एकटीच टेबलाशी बसली होती. तिला बघून ती अर्धवट उठली.

"काय झालं वहिनी? परत काही...?"

"नाही, नाही. सगळं बरंय." सुचित्रा दारातच उभी राहिली. तिने डावा हात वर करून दाखवला. "हात अगदी बरा आहे. सकाळपासून चालवतेय मशीन. काही नाही. तेवढंच सांगायला आले. आणि आभार मानायला."

"अहो, माझे कसले आभार?" दिशा ओशाळली. "खरं सांगू? खाली तुम्हाला त्रास होतोय हे मला माहीत पण नव्हतं. एसी तर माझाच होता. मी आपली माझ्या मुलींसाठी भांडत होते."

"माहितेय मला," सुचित्रा म्हणाली. "तू त्यांच्यासाठी भांडलीस, आणि त्यात मी वाचले. माझ्या स्वतःसाठी भांडावं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी गोळ्या खात बसले."

दिशा उठली. तिने शेजारच्या खुर्चीवरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या.

"बसा ना, वहिनी."

सुचित्रा बसली. घर आपलं, पण या खोलीत ती तीन वर्षांत कधी बसली नव्हती. खिडकीतून हवा येत होती. दिशाने थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला, एक तिच्यापुढे सरकवला, आणि दोघी एकमेकींना घरचं विचारू लागल्या.

खाली गिऱ्हाइकं आली होती. वहिनी कुठे आहेत, मिरच्या आजच कुटून हव्यात, असं एक बाई मोठ्याने म्हणत होती. सुचित्रा सवयीने उठायला लागली. तेवढ्यात जिन्यातून शेवंतीबाईंचा आवाज वर आला.

"थांबा जरा. ती वर बसली हा. येतली तिच्या सवडीन."